साहेब, त्या नोंदी मी लिहिल्या आहेत

प्रति,
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई
आणि
मा. संचालक मंडळ, 'मार्व्हल', नागपूर

विषय : संगणकावर गुन्ह्यांचा अंदाज बांधण्याआधी आमच्या जुन्या नोंदी तपासण्याबाबत.

जयहिंद साहेब,

मी पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात बंदोबस्त, नाकाबंदी, समन्स-वॉरंट, मुद्देमाल सगळं केलं. पण माझं अक्षर बरं होतं, आणि आपल्या खात्यात ज्याचं अक्षर बरं त्याची रवानगी टेबलावर होते. कुठं ठाणे अंमलदार, कुठं क्राइम रायटर, कुठं गोपनीय. पुढं सीसीटीएनएस ही ठाण्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली आली, रजिस्टरं संगणकात गेली, तरी टेबल काही सुटलं नाही. पेन गेलं, कीबोर्ड आला, एवढंच. आपण ज्याला आता डेटा म्हणता तो बराचसा माझ्यासारख्यांनी लिहिलेला आहे. त्या नात्यानं हे पत्र लिहितोय.

मार्च 2024 मध्ये सरकारनं 'मार्व्हल' ही कंपनी काढली. नागपूरचे पोलीस, नागपूरची आयआयएम आणि पिनाका टेक्नॉलॉजीज ही खासगी कंपनी अशी तिघांची मोट. सरकारकडून पहिली पाच वर्षं दरवर्षी 4 कोटी 20 लाख रुपये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं गुन्हे लवकर उघडकीला आणायचे आणि होऊ घातलेल्या गुन्ह्यांचा अंदाज घ्यायचा, असा उद्देश सांगितला गेला. डिसेंबर 2025 मध्ये 'महाक्राइमओएस' हे तपासाला मदत करणारं सॉफ्टवेअर नागपूरच्या 23 ठाण्यांतून राज्यातल्या 1,100 ठाण्यांत न्यायची घोषणा झाली. तपासाच्या त्या मदतीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एका सायबर फसवणुकीच्या गुन्ह्यात बँकांना आणि मोबाइल कंपन्यांना पत्रं लिहिता लिहिता फिर्यादीचे पैसे चार खात्यांतून फिरून गायब होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते काम यंत्रानं मिनिटांत केलं तर टेबलावरचा प्रत्येक माणूस दुवा देईल.

माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या कामात, अंदाजाच्या.

अंदाज बांधू नये असं माझं म्हणणं नाही. आम्हीही बांधायचोच. एका ठाण्यात फौजदार साहेबांनी हद्दीचा मोठा नकाशा प्लायवूडवर चिकटवून घेतला होता. घरफोडीला लाल टाचणी, सोनसाखळीला पिवळी, मोटारसायकल चोरीला निळी. टाचण्या टोचायचं काम माझं. तीन-चार महिन्यांत पोरालाही कळावं असं दिसायला लागलं की, एका सोसायटीत बंद फ्लॅट फुटला की आठ-दहा दिवसांत त्याच गल्लीत दुसरा फुटतो. साहेबांनी त्या गल्ल्यांत रात्रीची गस्त लावली आणि घरफोड्या थांबल्या. खरं सांगायचं तर शेजारच्या हद्दीत गेल्या, पण क्राइम मीटिंगमध्ये आमच्या दृष्टीनं थांबल्याच. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचा 1989 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे : पोलिसांना आलेले निम्मे फोन शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून आले होते. गुन्हा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, तो ठरावीक जागी साचतो, हे त्यांना आकडेमोडीतून कळलं आणि आम्हाला टाचण्यांतून.

तेव्हा नकाशाशी वैर नाही. टाचण्या कोण टोचतो आणि कोणत्या टोचतच नाही, हा माझा मुद्दा आहे.

माझी थोरली मुलगी पुण्यात डेटाचंच काम करते. गुन्ह्यांच्या अंदाजाचं जगात सगळ्यात गाजलेलं सॉफ्टवेअर, लॉस एंजेलिसमध्ये वापरलं गेलेलं 'प्रेडपोल', त्याचं गणित कुठून आलंय हे तिनं मला सांगितलं. ते आलंय भूकंपशास्त्रातून. मोठा धक्का बसला की आसपास लहान धक्के बसत राहतात, तसं एका घरफोडीनंतर जवळपास आणखी घरफोड्या होतात, म्हणून तेच समीकरण इथं लावलं. ऐकल्यावर मला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, रात्रभर विसर्जनाचा बंदोबस्त करून आम्ही बराकीत बूट काढत होतो आणि चारला पाच कमी असताना जमीन हलली. नंतर मला तिकडं बंदोबस्ताला पाठवलं. कित्येक दिवस बारके हादरे बसत होते. पत्रा वाजला की माणसं ओरडत तंबूतून बाहेर पळायची.

त्या हादऱ्यांची नोंद यंत्रावर आपोआप होत होती. धक्का मराठ्याच्या वाड्याखाली बसला की पारध्याच्या पालाखाली, यंत्राला फरक नव्हता. वरून फोन आला म्हणून यंत्रानं धक्का कमी दाखवला नाही. तिमाही आकडे वाईट दिसतील म्हणून दोन धक्क्यांचा एक केला नाही. गुन्ह्याचं तसं नसतं साहेब. कुणीतरी ठाण्यात यावं लागतं, कुणीतरी त्याला बसा म्हणावं लागतं, आणि माझ्यासारख्या कुणीतरी लिहावं लागतं. त्यातलं एक जरी झालं नाही, तर यंत्राच्या लेखी धक्का बसलेलाच नाही.

आता आम्ही काय लिहायचो ते सांगतो. एसटी स्टँडवर गर्दीत मोबाइल मारला जातो. पोरगा किंवा एखादी बाई घाबरीघुबरी होऊन ठाण्यात येते. आम्ही विचारतो, "चोरताना पाहिलं का?" नाही. "मग पडला कशावरून नसेल?" तो गप्प. "सिमकार्ड परत मिळवायला दाखला पाहिजे ना? मग गहाळ लिहा, पाच मिनिटांत सही-शिक्का देतो. चोरी लिहिली तर गुन्हा दाखल होईल, पंचनामा, जबाब, कोर्टात तारखांना यावं लागेल." माणूस गहाळचा दाखला घेऊन जातो, वर धन्यवादही देतो. असे किती दाखले मी दिले ते मोजलेले नाहीत. एका ठाण्यात तर 'गहाळ'चा छापील फॉर्मच होता, नाव-गाव-आयएमईआय नंबर भरला की झालं. त्या स्टँडवर तीन वर्षांत मोबाइल चोरीचे गुन्हे दोन आकड्यांत गेले नाहीत. उद्या आपलं यंत्र ती तीन वर्षं वाचेल आणि सांगेल की स्टँड सुरक्षित आहे, तिथला बंदोबस्ताचा पॉइंट काढून घ्या.

हे आम्ही का करायचो, ते आपल्याला माझ्याकडून कळायला नको. दर महिन्याची क्राइम मीटिंग असते. गेल्या वर्षी याच महिन्यात घरफोड्या सहा, यंदा अकरा, का? ठाण्याचे प्रभारी उभे राहतात, खाली बघतात, परत येऊन आमच्यावर चिडतात. पुढच्या महिन्यात टेबलावरचा माणूस शहाणा होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातसुद्धा बजावलेलं असतं की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंदणी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल चाळणारे हे वाक्य सोडून थेट तक्त्यावर जातात. यंत्राला तर ते वाक्य कुणी वाचून दाखवणारच नाही.

वेळ आणि जागेची गंमत आणखी निराळी. दिवाळीला कुटुंब गावी जातं, पाच दिवसांनी परत येतं तर कडी-कोयंडा उचकटलेला. फिर्यादीत लिहायचं, 'दिनांक 12 चे 10.00 वाजेपासून दिनांक 17 चे 08.00 वाजेदरम्यान'. चोर नेमका कधी आला ते त्याचं त्याला माहीत. कागदावर हे खरं आणि पुरेसं आहे. पण अंदाज बांधणाऱ्या यंत्राला एक वार आणि एक तास लागतो. मग कुणी पहिली वेळ धरतं, कुणी शेवटची, कुणी मधली. मुलीनं मला विचारलं, "बाबा, तुमच्या घरफोड्या सकाळी दहालाच कशा होतात?" मी हसलो. घरफोड्या दहाला होत नव्हत्या, माणसं दहाच्या गाडीनं गावाला जात होती.

जागेचं विचाराल तर प्रथम खबरी अहवालाच्या नमुन्यात रकाना आहे : ठाण्यापासून दिशा आणि अंतर, बीट म्हणजे हद्दीतल्या गस्तीच्या भागाचा क्रमांक. आम्ही लिहायचो 'पूर्वेस 3 कि.मी.'. बंगल्याला नंबर असतो, सोसायटीला नाव असतं, ते नकाशावर नेमकं सापडतं. नाल्याकडेच्या वस्तीला ना नंबर ना गल्लीचं नाव. तिथली भांडणं, चोऱ्या, दारूच्या केसेस सगळ्या एकाच खुणेवर, बहुतेक वस्तीच्या तोंडाशी असलेल्या चौकावर. नकाशावर तो चौक रक्तासारखा लाल दिसतो. त्या चौकात उभं राहिलात तर एक पानटपरी आणि एक बंद पडलेला हातपंप दिसेल.

दिल्ली पोलिसांनी आपल्याआधी हे करून पाहिलंय. 'सीमॅप्स' नावाची त्यांची प्रणाली, त्यात इस्रोची मदत, आणि कच्चा माल म्हणजे 100 नंबरवर येणारे फोन. दोन संशोधक प्रत्यक्ष तिथं जाऊन, पोलिसांशी बोलून, काम कसं चालतं ते पाहून आले आणि 2020 साली त्यांनी ते मांडलं. त्यांचा भर गणितावर नव्हताच. फोन कोण करतं, उचलणारा तो कोणत्या रकान्यात टाकतो, पत्ता नकाशावर कसा बसतो, तिथूनच झुकाव सुरू होतो असं त्यांचं म्हणणं. मला ते वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, यासाठी दिल्लीला कशाला जायचं, कुठल्याही ठाण्यात एक रात्रपाळी करा.

आतापर्यंत लिहिलं ते जागांबद्दल. जागेबद्दलचा अंदाज चुकला तर फार तर गस्त वाया जाते. माणसाबद्दलचा चुकला तर काय होतं, त्याचा एक प्रसंग सांगतो. हा माझ्याकडून झालेला आहे, म्हणून ठाण्याचं आणि गावाचं नाव घालत नाही.

गणपती, निवडणूक, असा मोठा बंदोबस्त आला की प्रतिबंधक कारवाईचं उद्दिष्ट येतं. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं 107, 110 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 126, 129 आहे. आम्ही त्याला चॅप्टर म्हणतो. इतक्या दिवसांत इतके चॅप्टर पाठवा. कोण हिंडून नवीन माणसं शोधणार? मागच्या वर्षीची यादी काढायची, तारखा बदलायच्या, 'सदर इसम भांडखोर व धोकादायक वृत्तीचा असून' हे वाक्य ठरलेलं, खाली सही. एका वर्षी मी स्वतः अशी नोटीस बजवायला गेलो. पारध्यांची पाच-सहा घरं, गावापासून लांब, गायरानात. त्या माणसाचं नाव घेऊन हाक मारली. त्याची बायको बाहेर आली. काही बोलली नाही, आत गेली आणि भिंतीवरचा फोटो काढून माझ्यापुढं धरला. फोटोला हार होता, वाळून पार करकरीत झालेला. दीड वर्ष झालं होतं त्याला जाऊन. त्या दीड वर्षात आमच्या कागदावर तो दोनदा शांतता भंग करण्याच्या तयारीत होता.

परत येऊन मी त्याची फाइल काढली. प्रतिबंधक कारवाया अकरा. संशयित म्हणून ताब्यात, सात वेळा. गुन्ह्यात आरोपी, दोन वेळा, दोन्हीत निर्दोष. शिक्षा शून्य. निर्दोष सुटल्याची नोंद त्याच्या कागदांत नव्हतीच, कारण निकाल कोर्टात लागतो आणि तो आमच्या रजिस्टरला उलटा येऊन चिकटेलच असं नाही. माणूस वाचताना 'शिक्षा शून्य' पाहून थबकेल तरी. यंत्र वीस नोंदी मोजेल. वीस म्हणजे सराईत.

शिकागोच्या पोलिसांनी हेच केलं होतं. माणसांना 0 ते 500 गुण देणारी यादी. कोण गोळी झाडेल किंवा कोणाला गोळी लागेल याचा अंदाज. यादी वाढत वाढत सुमारे 4 लाख लोकांवर गेली. रँड या संस्थेनं 2016 साली तिची पहिली आवृत्ती तपासली तेव्हा दिसलं की यादीत असल्यामुळं कुणाचा जीव वाचला नाही, मात्र यादीतल्यांना गोळीबाराच्या गुन्ह्यात अटक होण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे गोळीबार झाला की पोलीस आधी यादी उघडायचे. हे शिकागोचं असलं तरी मला आमच्या डीबी, म्हणजे ठाण्यातल्या गुन्हे शोध पथकाचं वर्णन वाटलं. घरफोडी झाली, धागादोरा नाही, साहेब ओरडतायत, काढा गाडी, चला पालावर. 2019 च्या शेवटी त्यांनी ती यादी बंद केली.

आपल्याकडं अशी यादी दीडशे वर्षांपूर्वी झाली होती, ती संगणकाशिवाय. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. अमुक जमातीत जन्मला म्हणजे गुन्हा करणारच, हा अंदाजच होता की. त्यावरून हजेरी आली, परवान्याशिवाय गावाबाहेर जायची बंदी आली, या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणारी सोलापूरची सेटलमेंट आली. देशभरातून तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, त्या जमाती विमुक्त झाल्या, पण 1959 साली आपल्या राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. मी भरती झालो तेव्हा जुने जमादार पारधी, कैकाडी, टकारी यांची नावं अशी घ्यायचे की जणू ती कलमं आहेत. शिकवलं तसं शिकलो. मी वेगळा होतो असं म्हणणार नाही.

आणि हे फक्त गायरानापुरतं राहत नाही. आपल्या राज्यातल्या 2003 सालच्या एका दरोडा आणि खुनाच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयानं 2009 साली ती कायमही केली, आणि 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला लावले. प्रत्यक्षदर्शी बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपास झाला नव्हता. त्या निकालाची प्रत मी निवृत्त झाल्यावर वाचली. रात्री झोप आली नाही, हे खरं.

म्हणून 7 मे 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या टेबलावर असावा अशी विनंती आहे. मूळ प्रकरण दिल्लीतल्या एका आमदाराच्या हिस्ट्रीशीटचं, म्हणजे पोलीस एखाद्याला सराईत धरून ठेवतात त्या नोंदपत्राचं. पण न्यायालयानं स्वतःहून व्याप्ती वाढवली आणि मागास, वंचित, विमुक्त जातींतल्या निरपराध लोकांची नावं हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे घालू नका, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. सहपोलीस आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यानं ठरावीक काळानं त्या तपासाव्यात आणि निरपराध निघालेल्यांची नावं काढता यावीत, अशी व्यवस्था दिल्लीसाठी घालून दिली आणि बाकी राज्यांना सहा महिन्यांत आपापलं धोरण पाहायला लावलं. पुढं 3 ऑक्टोबर 2024 ला तुरुंगांतल्या जातिभेदाच्या निकालातही विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं. 'यांत्रिकपणे' हा शब्द न्यायालयानं वापरला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं माझ्यासारखा यादी उतरवून काढणारा माणूस असणार. आता खरंच यंत्र आलंय.

आपल्या कंपनीकडं आधी कोणतं रजिस्टर गेलं? तपासून, गाळून गेलं की जसंच्या तसं? विमुक्त जमातींच्या नोंदींचं काय केलं? प्रतिबंधक कारवाईची नोंद आणि शिक्षेची नोंद यांना यंत्र सारखंच वजन देतं का? या प्रश्नांची उत्तरं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून मिळवावी लागू नयेत. सरकारच्या पैशावर चालणारी कंपनी आहे, तिनं ती आपल्या संकेतस्थळावर टाकावीत. कुणाचं नाव नको, कुठल्या गल्लीचं नको, तपासाला बाधा येईल असं काही नको. फक्त कोणत्या नोंदी वापरता आणि त्या कशा मोजता एवढं.

कारण नागरिकाला दुसरी वाट फारशी उरलेली नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पाहायचा आणि दुरुस्त करून घ्यायचा हक्क दिलाय, पण कलम 17 नं गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध आणि तपास यांसाठीचं काम त्यातून वगळलंय. बँकेत नाव चुकलं तर दुरुस्त करून मिळतं, ठाण्यात चुकलं तर मागायची सोय नाही. ती सोय साहेब, आपण एका स्थायी आदेशानं देऊ शकता. निर्दोष सुटल्याचा निकाल दाखवला की ठरावीक दिवसांत नोंद बदलायची, आणि बदलली नाही तर जबाबदार कोण ते आदेशात पदनामानिशी लिहायचं. पदनाम लिहिलं नाही तर काम होत नाही, हे टेबलावर बसलेला माणूस म्हणून सांगतो.

माणसांच्या याद्या यंत्राकडून करून घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. निदान प्रतिबंधक नोंदींवरून तरी नाहीच. युरोपीय संघानं फेब्रुवारी 2025 पासून, केवळ माणसाच्या प्रोफाइलवरून तो गुन्हा करेल असा अंदाज बांधणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली आहे. तिकडं आपल्यापेक्षा संगणक कमी आहेत म्हणून नव्हे.

आणि जागांचा अंदाज? तो जरूर करा, पण आधी परीक्षा घ्या. अमेरिकेतल्या प्लेनफील्ड नावाच्या लहान शहरात पोलिसांनी प्रेडपोलचे अंदाज घेतले होते. पत्रकारांनी 2018 सालचे 23,631 अंदाज नोंदवलेल्या गुन्ह्यांशी ताडून पाहिले. जुळले शंभराहून कमी. अर्धा टक्काही नाही. लॉस एंजेलिसनं 2020 मध्ये ते सॉफ्टवेअर सोडलं, आणि कॅलिफोर्नियातलं सांताक्रूझ, जिथून त्याची सुरुवात झाली, त्या गावानं त्याच वर्षी त्यावर बंदीच आणली. कंपनीनं नाव बदललं, तरी 2023 मध्ये दुकान बंद झालं. आपलं यंत्र त्यापेक्षा चांगलं असेलही. असेल तर दिसू द्या.

परीक्षा सोपी आहे आणि तिला निविदा लागत नाही. दहा ठाणी निवडा, पाच शहरातली, पाच ग्रामीण. सहा महिने यंत्रानं रोज रात्री आठला सांगायचं की उद्या कुठं काय होईल. तो कागद पाकिटात घालून लाखेनं सील करायचा आणि मुद्देमाल कक्षात ठेवायचा. त्यावर एकही गस्त पाठवायची नाही. त्याच वेळी त्या त्या ठाण्यातल्या सगळ्यात जुन्या बीट अंमलदारानंही आपला अंदाज वेगळ्या पाकिटात घालायचा. त्याला ना गणित येतं ना इंग्रजी, पण कोणत्या गल्लीतला दिवा फुटलाय, कोणत्या कारखान्याचा पगार उद्या आहे, कोणाची सोडचिठ्ठी चाललीय हे त्याला माहीत असतं. सहा महिन्यांनी जिल्हा न्यायाधीशांच्या प्रतिनिधीसमोर दोन्ही पाकिटं फोडायची. यंत्र जिंकलं तर मी स्वतः नागपूरला येऊन जयहिंद करीन.

फक्त त्या सहा महिन्यांत एक करा. 'गहाळ'चे दाखले बंद ठेवा. चोरी झाली म्हणणाऱ्याची चोरीच लिहा, आणि आकडा वाढला म्हणून त्या दहा प्रभाऱ्यांना क्राइम मीटिंगमध्ये उभं करू नका. लेखी हमी द्या त्यांना, तोंडी चालणार नाही. नाहीतर यंत्र आणि हवालदार दोघंही नापास होतील, कारण उत्तरपत्रिकाच खोटी असेल. दिल्लीत 2015 मध्ये वाहनचोरीची फिर्याद घरबसल्या संगणकावरून दाखल करायची सोय केली, तसं मोबाइलसाठी आपल्याकडं खऱ्या अर्थानं झालं, तर पहिल्या वर्षी आकडे बघून आपल्याला घाम फुटेल. फुटू द्या. त्या वर्षापासूनचा डेटा मात्र यंत्राला शिकवण्याच्या लायकीचा असेल.

पाकिटं, लाख आणि सुतळी मी माझ्या पेन्शनमधून आणून देतो. सील कसं करायचं तेही नव्या पोरांना दाखवतो, हल्ली फार ढिलं करतात.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार

ता. क. : वर लिहिलेल्या मयत इसमाचं ठाणं आणि यादीतला अनुक्रमांक मी आपल्या कार्यालयाला वेगळ्या बंद लिफाफ्यात पाठवला आहे. ती यादी संगणकात गेली तेव्हा मी दुसऱ्या ठाण्यात बदलून गेलो होतो. त्याचं नाव अजून त्यात आहे का, एवढं पाहून कळवावं.